डॉक्टरीणबाईंच्या गाडीतले तीन कपलर

डॅशबोर्डखाली उताणं पडायचं, पाय दाराबाहेर काढायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. नव्या कामाची पहिली दहा मिनिटं मी आयुष्यभर अशीच घालवली. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री झोपला. खोटं कशाला बोलू, कधी कधी झोपायचोही. अकोल्याच्या उन्हाळ्यात, कडुनिंबाखाली लावलेल्या गाडीत, जुन्या रबराचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास नाकात भरून घेत जी झोप लागते ती घरी कूलरसमोर लागत नाही. पण बहुतेक वेळा मी जागा असायचो. डोळे मिटून हात वर न्यायचा आणि वायरींचा जो जुडगा हाताला लागेल तो नुसता धरून ठेवायचा. कोणती वायर कडक झाली, कोणती अजून मऊ आहे, टेप कुठं चिकट झाली, हे बोटांना डोळ्यांच्या आधी समजतं.

मी गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस. चाळीसहून जास्त वर्षं अकोल्यात हा धंदा केला, आधी उस्तादाच्या दुकानात, मग स्वतःच्या. इंजिनवाले मिस्त्री आम्हाला 'बत्तीवाले' म्हणत, आणि त्यात कौतुक मुळीच नसे. आता दुकान बंद केलं आहे. तरी कुणाची जुनी गाडी असली की लोक पत्ता काढत येतात, कारण आताची पोरं आधी कॉम्प्युटर लावतात आणि जुन्या गाडीला कॉम्प्युटर लावायला जागाच नसते.

ही माणसं एकाच तक्रारीसाठी येतात. गाडी हौसेनं रंगवायला दिलेली असते. रंगारी डॅशबोर्ड काढतो. त्याच्या मागं वायरींच्या टोकांना प्लॅस्टिकचे लहान खटके असतात, त्यांना आम्ही कपलर म्हणतो. कपलरचा एक अर्धा भाग वायरीला, दुसरा मीटरला, दिव्याला नाहीतर स्विचला. दोन्ही एकमेकांत बसले की 'टक्' असा आवाज येतो. माझ्या कानाला याहून गोड आवाज माहीत नाही. रंगारी मात्र ते सगळे शेंगा तोडाव्यात तसे ओढून काढतो, एकावरही खूण करत नाही, आणि परत लावताना तीन-चार उरतात. मग तो ते आत कोंबून देतो.

तेल्हाऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याची गाडी अशीच रंगून आली आणि ब्रेक दाबला की हॉर्न वाजू लागला. तीन महिने तो तसाच फिरला. शेवटी बायको रागावली म्हणून माझ्याकडं आला. मी दुरुस्त करून दिली, तर आठ दिवसांनी परत हजर. म्हणाला, "मिस्त्री, पह्यलं होतं तेच बरं होतं. लोकं आपोआप बाजूले होत जाय." मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

उरलेला कपलर कोणाचा हे ओळखायचं कसं, हे लोक नेहमी विचारतात. आधी टेस्ट लॅम्प घ्यायचा. म्हणजे एक लहानसा बल्ब, त्याला दोन वायरी. एक गाडीच्या पत्र्याला चिकटवायची, दुसरी कपलरच्या तोंडाला लावायची. चावी न फिरवता बल्ब लागला तर ती वायर हॉर्नची, घड्याळाची, असल्या कायम जाग्या वस्तूंची. चावी फिरवल्यावर लागला तर मीटरची. लागलाच नाही तर ती वायर एक तर पेट्रोलच्या टाकीकडून निरोप आणणारी, नाहीतर अर्थची, म्हणजे करंटला परत घरी नेणारी. करंट येतो त्या बाजूचं तोंड नेहमी झाकलेलं असतं, चुकून पत्र्याला लागून जळू नये म्हणून. पुस्तकात एवढंच सापडेल. पुस्तकात नसलेली गोष्ट अशी की वायरीला वळण असतं. वीस-तीस वर्षं एका जागी वाकून राहिलेली वायर मोकळी सोडली, हलक्या हातानं फुंकर घातल्यासारखी हलवली, की ती हळूहळू आपल्या जुन्या जागेकडं झुकते. मी कितीतरी दुपारी नुसता पडून वायरी झुकताना पाहिल्या आहेत. बायको म्हणायची, तुमचा धंदा आहे की समाधी!

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, मला अमरावतीहून फोन आला. बोलणाऱ्या होत्या एक डॉक्टरीणबाई, वय ऐंशीच्या पुढं. त्यांचा दवाखाना पूर्वी चांदूर बाजारला होता. बाळंतपणं करायच्या, आजूबाजूच्या खेड्यांत स्वतः गाडी चालवत जायच्या. शिकलेल्या घरातल्या, पण खेड्यापाड्यांतल्या बायांशी बोलून बोलून बोली अस्सल वऱ्हाडी झालेली.

"मिस्त्री, गाडीचं तोंड उघडं पडलं आहे," त्या म्हणाल्या. "भाच्यानं इंजिन नीट करून रंगवाले देली, अन् तो गेला परदेशी. आता तीन वायरी लोंबून राहिल्या. तुमी येता का?"

मी सकाळच्या एसटीनं गेलो. बंगल्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली, मोतिया रंगात नव्यानं न्हायलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल. शेडच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या बॉनेटवर पडल्या होत्या आणि त्यांत कापसाचा बारीक तंतू तरंगत होता. मला वाटलं, हिला उगाच जागं करायला आलो.

बाई खुर्ची टाकून बसल्या. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून डोळ्यासमोर एक लहान गोल केला.

"काचबिंदू आहे. बाजूचं सारं गेलं. आता एवढं दिसते, तेही कमी होऊन राह्यलं. मी डॉक्टर आहे, मले कोनी सांगाची गरज नाही. डोये आहेत तवर मले एका बाईचं तोंड पाहाचं आहे. अन् याच गाडीत बसून जाचं आहे, दिव्यासकट."

"भाड्याची गाडी केली तर लवकर..." मी म्हणालो.

"भाड्याच्या गाडीनं जाचं असतं तर कवाच गेली असती."

मग त्यांनी सांगितलं. चाळीस-एक वर्षांपूर्वी एका खेड्यातून कौसल्या नावाच्या बाईचा नवरा त्यांना घ्यायला आला. पहिलं बाळंतपण, अडलेलं. दिवेलागणीला वाटेत गाडीचे पुढचे दोन्ही दिवे गेले. रस्ता कसला, काळ्या मातीतली गाडवाट. नवऱ्यानं शेतातल्या खोपटातून कंदील आणला आणि तो हातात धरून गाडीपुढं चालू लागला. बाई पहिल्या गिअरमध्ये त्या कंदिलामागं गाडी चालवत राहिल्या. पोचल्या तेव्हा कौसल्या वाचली, मुलगी गेली. बाईंनी त्यानंतर ही गाडी शेडमध्ये लावली ती कायमची. दुसरी घेतली, पुढं हजारो बाळंतपणं केली, पण त्या घरी पुन्हा गेल्या नाहीत.

मी कामाला लागलो. पहिला कपलर तासाभरात सापडला, पेट्रोलच्या काट्याचा. दुसऱ्याला दुपार झाली, तो मीटरमधल्या बारक्या दिव्यांचा. तिसरा मात्र काही केल्या बोलेना. टेस्ट लॅम्प लागत नव्हता. टाकीकडं जात नव्हता. वळण होतं, पण ते अशा कोपऱ्याकडं होतं जिथं कंपनीनं काहीच ठेवलेलं नसतं. त्यात सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, लाल. कंपनीच्या वायरी रंगीबेरंगी असतात, त्या रंगांवरूनच आम्ही वाचतो. इथं कुणीतरी जुनी वायरिंग उपटून एकाच लाल बंडलातून सगळी गाडी ओढली होती.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आधीच्या मिस्त्रीला शिव्या घातल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. न्हाव्यानं जसं "आधी कोणाकडं कापले होते?" विचारावं तसं. मी ती रीत दोन दिवस मनापासून पाळली. कोणत्या गाढवानं हे केलं, त्याच्या हाताला काय झालं होतं, त्याला कोणी शिकवलं, असं डॅशबोर्डखालून माझं चालू होतं. बाई बाहेर बसून ऐकत होत्या आणि एकदा हसल्याही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या वायरीवरची जुनी टेप सोडवली. आत जोड होता. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या. मी पाहत राहिलो. कोणताही मिस्त्री पीळ देतो तो उजवीकडं. हा डावीकडं होता. तीन वेढे, आणि टोक मागं दुमडलेलं.

मी डावखुरा आहे. दुकानात मला सगळे 'डाव्या' म्हणत. अकोल्यात त्या काळी डाव्या हाताचा वायरिंगवाला दुसरा नव्हता.

मग एकेक आठवत गेलं, आणि आठवू नये असं वाटत असताना आठवत गेलं. आमच्या उस्तादाचं नाव मोठं, अमरावतीकडूनही गाड्या यायच्या. एका वर्षी दुकानात लाल वायरचं एकच मोठं बंडल उरलं होतं, ते संपेपर्यंत आम्ही साऱ्या जगाला लाल वायर घातली. चांदूर बाजारच्या दवाखान्याची गाडी घेऊन एक कंपाउंडर आला होता. मालक मी पाहिलाच नव्हता. गाडी तेव्हा हिरवट होती. पुढचा पत्रा गंजलेला, दिव्यांची अर्थ तिथं धरत नव्हती, म्हणून मी ती वायर आत आणली आणि डॅशबोर्डमागं एका स्क्रूवर कसली. तिसरा कपलर त्या वायरीचा होता.

मी तो स्क्रू शोधला. रंगाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता. स्क्रू काढला, खालची टिकली, म्हणजे वॉशर, उचलली. खाली कंपनीचा हिरवट रंग जसाच्या तसा होता. अर्थ कसण्याआधी पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत करायचा असतो, नाहीतर रंगावर करंट धरत नाही. आज धरतो, उद्या खड्ड्यात हादरा बसला की सोडतो. उस्तादानं हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी रंग खरवडला नव्हता. दोन मिनिटांचं काम. का नाही केलं ते आठवत नाही. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट पाहायला जायचं असेल, नाहीतर नुसती भूक लागली असेल.

मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. बाहेर बाई कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. मनात आलं, गुपचूप खरवडावं, कसावं, टक् करावं आणि संध्याकाळची एसटी धरावी. कुणाला कळणार होतं? खरं सांगतो, मी सॅंडपेपर हातात घेतलाही होता. पण ज्या गाढवाला दोन दिवस शिव्या दिल्या त्याला असा पळू द्यायला मन घेईना.

बाहेर येऊन मी बाईंच्या खुर्चीजवळ खाली बसलो आणि सगळं सांगितलं.

शेडच्या पत्र्यावर खारुताई धावली, बाईंनी मान तिकडं वळवली.

"किती वर्साचे होते तुमी?"

"बावीस."

"हं." मग म्हणाल्या, "आता तरी बराबर कसा."

मी पत्रा आरशासारखा केला. एवढा की त्यात माझं नाक दिसलं. टिकली बसवली, स्क्रू कसला, कपलर जोडला. टक् झालं. मला त्या आवाजाचं सुख झालं नाही. स्विच ओढला तर दोन्ही दिवे लागले. बाई उठून गाडीसमोर गेल्या आणि त्यांनी उजव्या दिव्याच्या काचेवर तळवा ठेवला. काच गरम होईपर्यंत तो तिथंच होता.

"उद्या सकाळी जाऊ," त्या म्हणाल्या. "चालवाल तुमी. मले आता खड्डा अन् बैल सारखाच दिसते."

सकाळी निघालो. कापसानं भरलेल्या गाड्या जिनिंगकडं चालल्या होत्या, संत्र्याच्या बागांवर धुकं होतं, आणि आमची गाडी इतकी हळू अन् इतकी मऊ चालली होती की आपण कुठल्या वर्षात आहोत हे मला दोन-तीनदा विसरायला झालं. बाई शेजारी बसून डॅशबोर्डवर हात फिरवत होत्या. चांदूर बाजार मागं टाकलं आणि त्या म्हणाल्या, "थांबा."

मी बाजूला घेतली.

"मिस्त्री, कौसल्येचा नवरा त्या दिवशी दुपारीच आला होता. दोन वाजता. मी जेवून आडवी झाली होती. बाईले उठवू नका म्हनून कंपाउंडरनं त्याले ओट्यावर बसवलं. पन मी झोपली नव्हती. ऐकू येऊन राह्यलं होतं मले सारं. आदल्या रात्रीचं जागरन होतं, म्हटलं पडू दे घडीभर. घडीभर म्हनता म्हनता पाच वाजले." त्या समोर पाहत होत्या. "दोन वाजता निघाली असती तर उन्हात पोचली असती. दिव्यायची गरजच पडली नसती. चाळीस वर्सं मी लोकायले सांगितलं, गाडीचे दिवे गेले. काल तुमी येऊन म्हनता, दिवे माह्यामुळं गेले. ते ऐकून मले बरं वाटलं असतं, तर बरं झालं असतं."

मी गाडी सुरू केली.

कौसल्याबाईंचं घर गावाच्या टोकाला, आता सिमेंटचं. अंगणात तुरी वाळत होत्या. पासष्टीच्या आसपासची, काटक, डोक्यावर पदर घेतलेली बाई सूप हातात घेऊन उठली. तिनं आधी गाडी पाहिली, मग बाईंना.

"डॉक्टरीनबाई! तुमी कशा काय आल्या बाप्पा!"

बाई ओट्यावर बसल्याही नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "कौसल्या, त्या दिवशी मी झोपली नव्हती."

कौसल्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मले मालूम आहे."

"तुले कसं मालूम?"

"ह्यायनं सांगितलं होतं. ओट्याच्या बाजूलेच खिडकी होती ना तुमची. कूस बदलली की बांगड्या वाजत होत्या म्हने."

मी अंगणात उभा होतो, मला वाटलं आपण इथं नसावं. बाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

"मंग तू भांडाले काहून नाही आली?"

"आली होती. सवा महिना झाल्यावर आली होती दवाखान्यात, भांडालेच. तितक्यात कोनाचं तरी बोलावनं आलं. तुमी आतून धावत निघाल्या, अन् पायात चप्पल नव्हती. कंपाउंडर चप्पल घेऊन मांगं पयत होता. मी पाहत राह्यली. म्हटलं, आता ही बाई कोनाले बसवून ठेवत नाही. अन् परत आली." तिनं पदरानं ओटा झटकला. "भांडली नाही. पन इसरली बी नाही. बसा, चाय मांडते."

मला राहवलं नाही. मी पुढं होऊन म्हणालो, "बाई, त्या दिवशी दिवे गेले ते माझ्या हातानं. वायरिंग मी केली होती."

कौसल्याबाईंनी मला खालीवर पाहिलं. "तुमी कोन जी?"

"मिस्त्री आहे तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग मिस्त्रीले बी चाय," ती म्हणाली आणि आत गेली.

आदल्या दुपारपासून उराशी धरलेलं ओझं मला ठेवायला कुठं जागाच मिळाली नाही. ज्या घराचं मी वाईट केलं असं समजत होतो त्या घराला माझी खबरही नव्हती. याचं हसावं की वाईट वाटून घ्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चहा झाला. बाईंनी कौसल्येला उन्हात बसवलं, तिची हनुवटी धरली आणि आपल्या त्या लहान गोलात तिचा चेहरा हळूहळू फिरवून पाहिला. कपाळ, भुवया, नाकातली चमकी. लहान मुलाला तपासावं तसं. कौसल्याबाई आधी लाजली, मग डोळे मिटून शांत बसून राहिली.

निघताना डॉक्टरीणबाई गाडीत बसल्या आणि त्यांनी चाचपत हात पुढं केला. दिव्यांचा स्विच त्यांच्या बोटांना बरोबर सापडला. त्यांनी तो ओढला. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन लख्ख होतं. मी बंद करायला हात नेला आणि परत घेतला.

आजकाल मोटरसायकलींचे दिवे दिवसाही चालू असतात, पण गाडीचे दिसले की लोकांना राहवत नाही. समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करून मूठ उघडझाप करत होता. दूधवाला, एक ट्रॅक्टरवाला, एसटीचा ड्रायव्हर, त्याच्या मागं एसटीत बसलेल्या दोन पोरीसुद्धा. बाईंना हात दिसत नसावेत, नुसती हालचाल जाणवत असावी.

"काय म्हनून राह्यले ते लोकं?" त्यांनी विचारलं.

"लाइट चालू आहे म्हणतात."

"मंग, आहेच ना," त्या म्हणाल्या.

अमरावतीपर्यंत आम्ही ते तसेच चालू ठेवले.